किबालियनची स्वस्त प्रत: घ्या, पण इजिप्तची म्हणून नको

बेळगाव, निपाणी, खानापूरकडे हर्मेटिक विद्येचं, म्हणजे हर्मिस ट्रिसमेजिस्टस या पौराणिक इजिप्शियन ऋषीच्या नावावरच्या गूढविद्येचं, काही वाचायचं म्हटलं की बहुतेकांच्या हाती पडते ती 'द किबालियन'ची इंग्रजी पेपरबॅक. मुखपृष्ठावर पिरॅमिड, पाठीवर 'प्राचीन ज्ञान'. प्रत्यक्षात हे पुस्तक १९०८ साली शिकागोत निघालं. लेखकाच्या जागी 'तीन दीक्षित' (थ्री इनिशिएट्स, म्हणजे दीक्षा घेतलेले तिघं) एवढंच. अभ्यासक ते सहसा विल्यम ॲटकिन्सनचं मानतात. हाच 'योगी रामचारक' नावानं योगावर लिहायचा! मग 'जसं वर तसं खाली' वाचताना आपल्याला 'पिंडी ते ब्रह्मांडी' आठवलं तर नवल नाही. ते वाक्य मात्र त्याचं नव्हे, अरबीतून युरोपात गेलेल्या 'पाचूच्या पाटी' (एमराल्ड टॅब्लेट) या छोट्या हर्मेटिक मजकुरातलं आहे.

पुस्तकाचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, त्यामुळे कोणीही छापतं. घेण्याआधी दोन गोष्टी बघा. प्रकरणं १५ हवीत. आणि दुसऱ्या प्रकरणात, पुस्तक ज्यांवर उभं आहे त्या सातही तत्त्वांच्या सुरुवातीचं अवतरण वेगळं दिसायला हवं. स्कॅनवरून घाईत काढलेल्या प्रतीत अवतरणचिन्हं गळतात, मग 'मूळ वचन' कुठलं आणि भाष्य कुठलं हेच कळत नाही.

कामाची प्रकरणं दहावं आणि अकरावं, ध्रुवत्व आणि लय (भरती-ओहोटीसारखा झोका). द्वेष आणि प्रेम ही एकाच पट्टीची दोन टोकं. द्वेषाशी झुंजू नका, लक्ष दुसऱ्या टोकावर धरा, असा तिथला उपाय. लिंगतत्त्वाची प्रकरणं ओढूनताणून लिहिलेली, चाळली तरी चालतील.

तक्रार एकच आणि ती मोठी आहे: ग्रहविद्या, ताईत, देवतांचं आवाहन यांतलं इथं जवळपास काही नाही. हर्मिसच्या नावावरच्या मूळ ग्रीक लेखनात ते भरपूर आहे. त्यातल्या 'कॉर्पस हर्मेटिकम' या संग्रहाच्या पहिल्याच ग्रंथात मृत्यूनंतर जीव सात ग्रहमंडलं चढतो आणि प्रत्येक ठिकाणी एकेक दोष टाकत जातो. पुढच्या गूढविद्येनं उचलली ती ही शिडी. जर्मन गूढविद्याभ्यासक आग्रिपानं १५३३च्या ग्रंथात तीन जगांची (मूलतत्त्वं, ग्रह-तारे, देवदूत) मांडणी केली, १८८८च्या लंडनमधल्या 'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या गुप्त मंडळानं दीक्षेच्या पायऱ्या ग्रहांशी जोडल्या. मूळ लेखनही फार प्राचीन नाहीच: फ्लोरेन्सच्या फिचिनो या विद्वानानं १४६३मध्ये मोझेसच्या काळचं समजून लॅटिनमध्ये आणलं, कासोबों या ग्रीकच्या अभ्यासकानं १६१४मध्ये भाषेवरून ते इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतलं ठरवलं.

किबालियन आणि हे मूळ लेखन दोन्ही घेणार असाल तर आधी ब्रायन कोपेनहेव्हरचं १९९२चं केंब्रिज भाषांतर वाचा. महाग आहे, टिपा मूळ मजकुरापेक्षा लांब आहेत, पण १७ ग्रीक ग्रंथ आणि लॅटिन 'आस्क्लेपियस' एकाच खंडात मिळतात.