एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

बेळगावात शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत फ्यूज काढून एमसीबी (आपोआप पडून वीज तोडणारा खटका) बसवली की लोक निर्धास्त होतात. पण एमसीबी काळजी घेते ती वायरिंगची. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झाला, तर ती पडते. 1500 वॉटची किटली 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेते. तिच्या बॉडीत करंट उतरला आणि तुमच्या हातातून 50 मिलीअँपिअर गेला, तर 16 अँपिअरच्या एमसीबीला पत्ताही लागत नाही. माणसाचा जीव जायला मात्र तेवढा पुरतो.

आरसीसीबीही तशीच आपोआप पडते, पण ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतला फरक, म्हणजे वाटेत झालेली गळती, बघते. घरासाठी 30 मिलीअँपिअरची घ्यावी. तेवढी गळती झाली की क्षणात वीज तोडते. खानापूरकडे पावसाळाभर भिंती ओल धरतात, तिथे ‘ही उगाच पडते’ अशी कुरकुर असते. उगाच कसली, बहुतेक वेळा कुठेतरी गळती असते! वैतागून तिला बायपास करून घेणारेही असतात, म्हणजे पैसे पाण्यातच.

ओव्हरलोड तिला कळत नाही, त्यामुळे एमसीबी ठेवायचीच. पण घरात एमसीबी असेल, तर नव्या मिक्सरआधी मी आरसीसीबी घेईन. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबायचं. पडली नाही, तर वायरमनला बोलवायचं.