क्रोशाच्या फुलांसाठी दोरा घेतला, लाल सोडून बाकी झकास

सांगलीत गणपती पेठेतल्या एका दुकानातून सुती दोऱ्याचे 4 गुंडे आणि 2.5 मिमीची सुई आणली, गौरीपुढं लावायला फुलं करायची होती. पांढरा नि पिवळा एकदम मस्त, अजिबात पिंजत नाही, 6 साखळ्यांचा (साखळी म्हणजे सुईनं ओढलेला साधा फास) गोल आणि त्यात 5 पाकळ्या, प्रत्येक पाकळीला 2 साखळ्या, 3 खांब (उंच टाके), परत 2 साखळ्या नि मुका खांब (बुटका टाका), टीव्ही बघत बघत फूल तयार. लोकरीची फुलं अशी ताठ राहत नाहीत बघा. पण लाल दोरा! धुतल्यावर शेजारची पांढरी फुलं गुलाबी झाली. दुकानातले काका म्हणाले, "ताई, लाल आधी वेगळा भिजवायचा असतो." अहो मग विकतानाच सांगायचं ना! सुईला मात्र पैकीच्या पैकी मार्क.