गणपत गल्ली की काँग्रेस रोड? बेळगावात गाळा घेताना

कापड, भांडी, लग्नाची खरेदी असा माल असेल तर गणपत गल्ली आणि खडेबाजार अजूनही सरस. खानापूरहून आलेलं गिऱ्हाईक पायीच चार दुकानं फिरतं. अडचण आहे ती माल उतरवण्याची: टेम्पो दिवसा दारात लागत नाही. गाळे तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब, त्यामुळे मागच्या भिंतीला ओल धरते. भाद्रपदात भिंतीवर हात फिरवा, चुना हाताला लागला तर सौदा थांबवा.

टिळकवाडीचा काँग्रेस रोड (१९२४ च्या अधिवेशनावरून नाव पडलेला) दवाखाना, शोरूम, सीएचं ऑफिस यांना सोयीचा. इथलं गिऱ्हाईक गाडीतून येतं. गाडी लावायला जागा दिसली नाही, तर ते सरळ पुढे जातं. म्हणून आधी तळघर बघा. नकाशात पार्किंग आणि प्रत्यक्षात गोदाम असेल, तर नोटीस कधीतरी येणारच. दुसरी फसगत मापाची. ५०० चौरस फूट ‘सुपर बिल्टअप’मध्ये (भिंती, जिना, सामाईक जागा धरून सांगितलेलं माप) कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर, ३० टक्के लोडिंग (वर चढवलेलं माप) धरलं असेल, तर हाती ३८५ च्या आसपास कार्पेट उरतो. टेप घेऊनच जा.

दोन्हीकडे हेस्कॉमचं (इथली वीज कंपनी) व्यापारी मीटर आणि महापालिकेचा ट्रेड परवाना लागतो. फलकावर ६० टक्के कन्नड हवं. मराठी उरलेल्या जागेत, त्यामुळे फलक रुंद करवून घ्या. भाडेकरार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर नोंदणी सक्तीची. पहिल्यांदाच धंदा मांडणाऱ्यानं मात्र गल्लीतलाच गाळा भाड्यानं घ्यावा.