सेल्टा: प्रशिक्षण भक्कम, आद्याक्षरांचा मारा जरा जास्तच

प्रौढांना इंग्रजी शिकवायचं असेल तर केंब्रिजचा सेल्टा हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स आजही करावा असाच आहे. पूर्णवेळ चार आठवडे, किमान 120 तासांचं प्रशिक्षण, त्यात प्रत्यक्ष वर्गावर शिकवण्याचे 6 तास आणि चार लेखी असाइनमेंट. तुम्ही शिकवत असताना ट्रेनर आणि सहाध्यायी मागे बसून नोंदी घेतात आणि नंतर तासाची चिरफाड होते. फी वसूल होते ती इथेच. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट यांनी 1962 साली लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये सुरू केलेल्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातून हा वारसा आला, आणि वर्गात उभं राहूनच शिकायचं हे सूत्र टिकून आहे.

त्रास होतो तो परिभाषेचा. पहिल्याच आठवड्यात टीटीटी, पीपीपी (आधी मांडणी, मग सराव, मग स्वतः वापर), सीसीक्यू, आयसीक्यू असा भडिमार सुरू होतो. टीचर्स रूममध्ये त्यावर हमखास विनोद होतात, आणि ते बहुतेक वेळा नेमक्या दुखण्यावर बोट ठेवतात.

आधी कामाचं हत्यार: सीसीक्यू, म्हणजे अर्थ पोचला का हे तपासणारे प्रश्न. 'समजलं का?' विचारलं की अख्खा वर्ग माना डोलावतो, कळत काहीच नाही. 'आय यूझ्ड टू स्मोक' शिकवताना तीन प्रश्न पुरतात. पूर्वी ओढत होतो का? हो. आता ओढतो का? नाही. एकदाच ओढली की नेहमी? नेहमी. प्रश्नात 'यूझ्ड टू' येता कामा नये आणि उत्तर एक-दोन शब्दांत देता आलं पाहिजे. तिसरा प्रश्न गाळला तर साधा भूतकाळ आणि ही रचना यांत फरकच उरत नाही. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' म्हणणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही हीच पद्धत लागू पडते: कधी ते वाक्यात सांगितलंय का? सांगितलंय, मग 'हॅव' नको.

आयसीक्यू मात्र हास्यास्पद थराला जातं. सूचना कळली का हे तपासायला चाळिशीतल्या माणसाला विचारायचं, 'लिहायचंय की बोलायचंय? एकट्याने की जोडीने?' 'पेनाने लिहायचं की केळ्याने?' हा त्यावरचा विनोद वास्तवापासून फार लांब नाही. याचं कारण साधं आहे. एका तासाच्या शेऱ्यात 'सूचना तपासली नाही' असं आलं की पुढच्या तासाला प्रशिक्षणार्थी प्रत्येक कृतीआधी पाच-पाच प्रश्न विचारतो. 45 मिनिटांच्या तासात चार कृती असल्या तर सहा-सात मिनिटं त्यातच जातात, आणि टीटीटी, म्हणजे शिक्षकाच्या बोलण्याचा वेळ, नेमका तिथेच वाढतो. एक आद्याक्षर पाळताना दुसरं मोडतं! त्यापेक्षा एका विद्यार्थ्याला पुढे घेऊन पहिला प्रश्न सर्वांसमोर करून दाखवावा, आणि कागद त्यानंतरच वाटावेत. आधी वाटले की सगळे वाचायला लागतात, सूचना कोणी ऐकत नाही.

इलिसिटिंगचंही तसंच. शब्द विद्यार्थ्यांकडून काढून घ्यायचा हे चांगलंच, पण वर्गात तो कोणालाच माहीत नसेल तर 'माझ्या मनात काय आहे ओळखा' हा खेळ होतो. दोनदा विचारा, आला नाही तर सांगून मोकळे व्हा.

लेसन प्लॅनचा तक्ता वेळखाऊ आहे: टप्पा, हेतू, कृती, मिनिटं, कोण कोणाशी बोलणार. पण 'संभाव्य अडचणी आणि उपाय' हा रकाना मनापासून भरावा, वर्गात तोच वाचवतो.

उणीव एकच, पण मोठी. सरावाचे वर्ग लहान आणि प्रौढांचे असतात. शाळेतल्या साठ मुलांच्या वर्गात फिरून प्रत्येक जोडीचं ऐकणं अशक्य. तिथे एकाआड एक बाकावरच्या मुलांना मागे वळवून चौघांचे गट करावेत आणि एका फेरीत तीन-चार गटांकडेच नीट लक्ष द्यावं.

असाइनमेंट पहिल्या खेपेला उत्तीर्ण झाली नाही तर ती एकदा सुधारून देता येते. भाषाविश्लेषणाच्या असाइनमेंटसाठी मात्र व्याकरणाची उजळणी कोर्स सुरू होण्याआधीच करून ठेवा, त्या चार आठवड्यांत तेवढी फुरसत मिळत नाही.