चूक कोण पकडतं? विज्ञान, तत्त्वज्ञान आणि कला यांतून निवडताना

मोबाइलवर पिवळ्याधमक झेंडूचा फोटो उघडा, बोट पाण्यात बुडवून एक बारीकसा थेंब काचेवर सोडा आणि वाकून त्यातून बघा. थेंब भिंगाचं काम करतो. आत लाल ठिपके दिसतात, हिरवे दिसतात, निळे जवळजवळ विझलेले. पिवळा ठिपका एकही नाही. डोकं मागे घेतलं की झेंडू पुन्हा पिवळा!

बारावीनंतर किंवा पदवीनंतर विज्ञानाकडे जावं, तत्त्वज्ञानाकडे की कलेकडे, या पेचात जे आहेत त्यांनी हा थेंब जरूर बघावा. तिन्ही वाटा इथूनच फुटतात. मी त्यांची तुलना मुख्यतः एकाच प्रश्नावर करणार आहे: त्या वाटेवर तुमची चूक कोण पकडतं? वर्षानुवर्षं तुम्हाला त्याच्याच सहवासात राहायचं असतं.

विज्ञानात चूक मोजमाप पकडतं. बीएस्सीच्या प्रयोगशाळेतला सोडियमचा दिवाही पिवळाच दिसतो, पण त्याचा प्रकाश सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. लोलकातून, म्हणजे काचेच्या प्रिझममधून, सोडला तरी तो पिवळाच राहतो. स्क्रीनवरचा पिवळा मात्र लोलकात शिरला की लाल आणि हिरव्यात फुटतो. आपल्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या आहेत आणि मेंदूकडे त्या तिघींच्या प्रतिसादांचा हिशेबच पोचतो. दोन वेगळ्या प्रकाशांचा हिशेब सारखा आला की डोळा फसतो, लोलक फसत नाही. इथला दिलासा असा की तुमचं व्हर्निअरचं, म्हणजे बारीक मोजपट्टीचं, वाचन चुकलं, तर शेजारच्या टेबलवरची मुलगी तोच प्रयोग करून ते दाखवू शकते. तिचं-तुमचं पटायची गरज नाही. त्याची किंमतही आहे: जे मोजता येत नाही, ते बाजूला ठेवायची शिस्त अंगी बाणवावी लागते.

आता तोच थेंब घेऊन तत्त्वज्ञानाकडे या. दिव्याचा पिवळा आणि स्क्रीनचा पिवळा हे दोन रंग की एकच? मोजमापं सगळी हातात आहेत, तरी प्रश्न उभाच राहतो, कारण आता ‘रंग’ म्हणायचं कशाला हे ठरवायचं आहे. आपल्याकडे ‘तत्त्वज्ञान पाजळू नकोस’ असं सहज म्हटलं जातं, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण हे काम पाजळण्याचं नाही, फार काटेकोर आहे. नैयायिकांचंच, म्हणजे न्याय या भारतीय दर्शनाच्या तर्कपंडितांचंच बघा. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार सांगितले आहेत: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश (तपकिरीसर) आणि सातवा ‘चित्र’, म्हणजे रंगीबेरंगी. हा सातवा कशाला हवा?

धूपछाव पैठणी डोळ्यांसमोर आणा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. नैयायिकांच्या मते वस्त्र म्हणजे नुसता धाग्यांचा ढीग नव्हे, ते धाग्यांपासून निर्माण झालेलं एक वेगळं द्रव्य आहे. मग त्या एका वस्त्राचा रंग कोणता? रंगच नाही म्हणावं, तर ते डोळ्यांना दिसायलाच नको, कारण रूपाशिवाय द्रव्य दिसत नाही. इथे हिरवा आणि तिथे जांभळा म्हणावं, तर रूप हे ज्या द्रव्यात राहतं ते सगळं व्यापून राहतं, हा त्यांचा सिद्धान्त मोडतो. म्हणून ‘चित्र’ हा एक स्वतंत्र रंगच मानला गेला. पुढे नव्य नैयायिकांत, म्हणजे याच परंपरेच्या नंतरच्या पंडितांत, यावर वाद झाले, कारण चित्र नाकारायचं तर आधीचं कुठलं तरी गृहीत सोडावं लागतं. मला तत्त्वज्ञान सर्वांत जास्त आवडतं ते इथे. प्रत्येक उत्तराची किंमत किती, हे ते पैन् पै मोजून सांगतं. इथे तुमची चूक पकडतो तो समोरचा पूर्वपक्षी, म्हणजे विरुद्ध बाजू मांडणारा. तो हयात नसला, तरी त्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडून दाखवणं तुमच्यावरच येतं. ज्याला वादात हरल्यावर रात्री नीट झोप लागते, त्यानेच इकडे यावं असं मी मनापासून सांगेन.

कलेत ना लोलक सोडवतो, ना पूर्वपक्षी. चित्रकाराला एक साधी गोष्ट हातातून कळते: लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा होतो, पण लाल आणि हिरवा रंग पॅलेटवर कालवला की मातकट तपकिरी. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली त्यांनी पदविका घेतली. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचा थर चढवत, काढत, पुन्हा चढवत. वर्षाला मोजकेच कॅनव्हास पुरे होत. थर कधी थांबवायचा, हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. कलेत चूक पकडतो तो तुमचाच डोळा, आणि तो तयार व्हायला वर्षं जातात. एलिमेंटरी, इंटरमीजिएटला चांगली ग्रेड मिळाली एवढ्यावर हा निर्णय घेऊ नका. दुपारभर एकच थर पुसत बसायची तयारी आहे का, ते स्वतःला विचारा.

या तिघांमध्ये भिंती आहेत, पण दारंही आहेत. न्यूटनने आपल्या १६८७ च्या ग्रंथाच्या नावातच ‘निसर्गाचं तत्त्वज्ञान’ म्हटलं आणि ‘ऑप्टिक्स’मध्ये बजावलं की काटेकोर बोलायचं तर किरणांना रंग नसतो. हे वाक्य प्रयोगाचं की विचाराचं? दोन्हींचं. आइन्स्टाइनने ‘एकाच वेळी घडणं म्हणजे नेमकं काय’ हे खोदून विचारलं, त्यामागे ह्यूम आणि माख या विचारवंतांचं वाचन होतं, आणि ते ऋण त्याने मान्य केलं. त्यामुळे ‘विज्ञानाने जे उरवलं ते तत्त्वज्ञान’ हे मला पटत नाही. विज्ञान ज्या शब्दांवर उभं आहे ते शब्द तपासायचं काम उरलेलं नसतं, चालूच असतं.

व्यवहाराचं थोडक्यात. गणित तुम्हाला थकवत नसेल आणि मन दोन्हींकडे ओढत असेल, तर आधी विज्ञान घ्या. अनेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तत्त्वज्ञानात एमए करता येतं, उलटा प्रवास फार अवघड. हात मात्र लवकर लावावा लागतो, म्हणून कला खरोखर हवी असेल तर ती पुढे ढकलू नका. तत्त्वज्ञानात पोटापाण्याच्या वाटा कमी आहेत: नेट-सेट देऊन अध्यापन, यूपीएससीला वैकल्पिक विषय, किंवा लेखन-संपादन. घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगा.

आणि तत्त्वज्ञानाकडे कल वाटत असेल, तर अर्ज भरण्याआधी एक करा. ‘तर्कसंग्रहा’तला रूपाचा भाग जेमतेम दोन-तीन ओळींचा आहे, मराठी भाषांतरासह मिळतो. एखाद्या मैत्रिणीला समोर बसवा, तिने चित्ररूप नाकारावं, तुम्ही राखावं. तासाभराने बाजू बदला. दुसऱ्या तासालाही उठावंसं वाटलं नाही, तर प्रवेशाची तारीख बघायला हरकत नाही.