कोल्ह्यांच्या गोष्टींचा ऑडिओ सेट: ऐका, पण तात्पर्य स्किप करा

इसापाच्या गोष्टी, पंचतंत्रातला मित्रभेद, युरोपातला तो बिलंदर रेनार्ड आणि जपानची माणसाचं रूप घेणारी कित्सुने, सगळे कोल्हे एकाच सेटमध्ये आहेत. कव्हर लहान मुलांचं आहे पण खरं सांगू का, नातेवाईक आणि ऑफिस सांभाळणाऱ्या मोठ्यांनीच हे ऐकावं.

मित्रभेद सगळ्यात भारी झालाय. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची घट्ट दोस्ती, आणि दरबारात कोणी विचारत नाही म्हणून जळणारा दमनक कोल्हा. तो सिंहाला सांगतो, बैलाची नियत फिरलीय, शिंगं रोखून आला की समजून जा, आणि बैलाला सांगतो, महाराजांचे डोळे लाल दिसले तर सांभाळ. झालं! दोघं आधीच बिथरलेले, त्यामुळे समोरच्यात नेमकं तेच दिसतं, आणि दमनकाला पुढे काही करावंच लागत नाही. निवेदकाने त्याचा आवाज इतका काळजीवाहू काढलाय की ओळखीतला एखादा कान भरणारा हमखास आठवतो.

शेवट ऐकून मात्र डोकं फिरलं. इथे दमनकावर खटला चालून त्याला शिक्षा होते. अहो, पंचतंत्रात असं काही नाहीये, तिथे बैल मरतो आणि दमनक मंत्रीपद सांभाळत मजेत राहतो. खटला नंतरचा आहे, 8व्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबी रूपांतर केलं त्यात आलेला. घ्या की, चांगलाय तो, पण निदान तसं सांगा तरी.

दुसरी तक्रार तात्पर्यांची. इसापाचा म्हातारा सिंह आजाराचं सोंग करून गुहेत पडलेला असतो, कोल्हा बाहेरूनच तब्येत विचारतो, सिंह म्हणतो आत ये ना, तर हा म्हणतो आलो असतो पण आत गेलेल्या पावलांचे ठसे दिसतात, बाहेर आलेला एकही नाही. यावर तात्पर्य काय, तर "लबाडी वाईट"! यात लबाडी केली कुणी? कोल्ह्याने फक्त जमिनीकडे बघितलं आणि जीव वाचवला. आग्रहाने घरी बोलावणाऱ्या काही लोकांच्या बाबतीत मीही आधी ठसेच बघते. दमनकाला आणि याला एकाच दावणीला बांधणं मला अजिबात पटलं नाही.

रेनार्ड फाशीच्या दोराखाली उभा राहून पुरलेल्या खजिन्याची थाप मारतो आणि सुटतो, तो भाग धमाल आहे. कित्सुने घाईत उरकलीय.

साडेतीन स्टार. स्पीकरवर ऐका, हेडफोनमध्ये बासरी इतकी मोठी येते की दमनकाची कुजबुज ऐकूच येत नाही.