फुकटातलं पीसीबी सॉफ्टवेअर: कीकॅड की ईझीईडीए, आणि बाकीची कुठे बसतात?

हौस म्हणून पीसीबी, म्हणजे सर्किटचा छापील बोर्ड, बनवणाऱ्याने फीचर्सची यादी वाचण्यात फार वेळ घालवू नये. दोन लेयरचा (दोन्ही बाजूंना तांबं असलेला), पन्नास-साठ पार्टांचा बोर्ड यातलं जवळपास कोणतंही सॉफ्टवेअर करून देतं. फरक पडतो तो तीन गोष्टींत: पार्टांची लायब्ररी कुठून येते, बोर्ड कुठे बनणार आहे, आणि चार वर्षांनी तीच फाइल उघडून एक रेझिस्टर बदलता येईल का.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच देतो. घरी एचिंग (रसायनाने नको असलेलं तांबं काढणं) करणार असाल किंवा बोर्ड हव्या त्या कारखान्यातून करून घ्यायचा असेल, तर कीकॅड. पहिलाच बोर्ड असेल आणि तो जेएलसीपीसीबी या चिनी कारखान्याकडून पार्ट बसवूनच मागवायचा असेल, तर ईझीईडीए. बोर्डाबरोबर डबाही थ्रीडी प्रिंट करायचा असेल तर ऑटोडेस्क कंपनीचं फ्यूजन पाहता येईल. फ्रिट्झिंग ब्रेडबोर्डचं चित्र काढायला ठेवा, बोर्ड करायला नको.

तुलनेसाठी एक नेहमीचं सर्किट धरू: 28 पिनांचा डीआयपी (दोन बाजूंना पिनांच्या रांगा असलेला) एटीमेगा328पी मायक्रोकंट्रोलर, 16 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, 22 पिकोफॅरडचे दोन आणि 100 नॅनोफॅरडचे तीन-चार कपॅसिटर, 5 व्होल्ट देणारा 7805 रेग्युलेटर, डीसी जॅक, आणि बीसी547 ट्रान्झिस्टरवर चालणारा एक 12 व्होल्टचा रिले.

लायब्ररी: खरी कसोटी इथेच

कीकॅडमध्ये स्कीमॅटिकमधलं (सर्किटच्या आकृतीतलं) चिन्ह आणि बोर्डावरचं फूटप्रिंट (पार्टाच्या पॅडांचा आणि भोकांचा नकाशा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एटीमेगासारख्या चिन्हाला फूटप्रिंट आधीच नेमलेलं असतं. रेझिस्टर, कपॅसिटर, कनेक्टर यांचं मात्र तुम्हीच निवडायचं. नवखा माणूस इथेच वैतागतो, कारण यादीत नुसत्या रेझिस्टरचीच डझनावारी फूटप्रिंटं दिसतात. पाव वॅटच्या साध्या रेझिस्टरला 10.16 मिमी अंतराचं आडवं फूटप्रिंट घ्या आणि पुढे जा. आयसीच्या बाबतीत रुंदी बघा. 28 पिनांचा डीआयपी दोन रुंदींत येतो, 7.62 मिमी आणि 15.24 मिमी. एटीमेगा328पी अरुंद आहे. चुकून रुंद फूटप्रिंट घेतलं तर पडद्यावर काहीच वावगं दिसत नाही, चूक कळते ती सॉकेट बसवताना.

ईझीईडीएमध्ये एलसीएससी या पार्ट विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधला पार्ट घेतला की चिन्ह, फूटप्रिंट, बहुतेक वेळा थ्रीडी मॉडेल आणि ‘सी’ने सुरू होणारा पार्ट नंबर असं सगळं एकत्र येतं. विचित्र आकाराचा यूएसबी-सी सॉकेट किंवा एखादा सेन्सर असेल तर याने संध्याकाळभराचं काम वाचतं. पण त्याच शोधात इतर वापरकर्त्यांनी बनवलेले पार्टही मिसळलेले असतात, आणि त्यांची खात्री कोणीच देत नाही. नियम सोपा ठेवा: एलसीएससीचा नंबर असलेलाच पार्ट घ्या, आणि तरीही डेटाशीटमधल्या मापाशी एकदा ताडून पाहा.

ट्रान्झिस्टरची गोष्ट दोन्हीकडे सारखीच त्रासदायक. बीसी547 च्या पिना सपाट बाजूने पाहिल्यास कलेक्टर, बेस, एमिटर अशा येतात, 2एन3904 च्या मात्र एमिटर, बेस, कलेक्टर. दोन्हीचं फूटप्रिंट तेच, टीओ-92 या आकाराचं. त्यामुळे ‘एनपीएन’ असं नुसतं सर्वसाधारण चिन्ह न घेता बीसी547 नावाचंच घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत दुकानदाराने हातात दुसराच नंबर ठेवला, तर पिनांचा क्रम पुन्हा बघावा लागेल.

ज्यांना ईझीईडीएची लायब्ररी हवी पण सॉफ्टवेअर कीकॅडच हवं, त्यांच्यासाठी ‘ईझीईडीए2कीकॅड’ नावाची छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. तिला एलसीएससीचा नंबर दिला की पार्ट कीकॅडच्या स्वरूपात मिळतो.

स्कीमॅटिकची तपासणी

कीकॅडची इलेक्ट्रिकल तपासणी कडक आहे, आणि पहिल्याच बोर्डावर ती एक हमखास चूक दाखवते: पॉवर इनपुट पिनेला कोणीच पॉवर देत नाही. सर्किट बरोबर असतं, पण डीसी जॅकची पिन ‘पॅसिव्ह’ प्रकारची असल्यामुळे वीज तिथून येते हे सॉफ्टवेअरला समजत नाही. 12 व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या नेटवर (एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटावर) ‘पॉवर फ्लॅग’ हे चिन्ह लावलं की तक्रार मिटते. या तपासणीला कंटाळून ती बंद करणारे बरेच आहेत. तसं करू नका. 7805 चं आउटपुट ‘+5 व्होल्ट’ आणि एटीमेगाचा पुरवठा ‘व्हीसीसी’ अशी दोन नावं पडली, तर ती दोन वेगळी नेट होतात. जोडायचं राहून गेलं की हीच तपासणी ते पकडते. ईझीईडीएच्या स्टँडर्ड आवृत्तीत डिझाइन मॅनेजरमधली नेटची यादी स्वतः डोळ्याखालून घालावी लागते. एकच पिन असलेलं नेट दिसलं की तिथे थांबा.

ट्रॅक ओढताना

ईझीईडीएमध्ये ट्रॅक आपोआप ओढणारा ऑटोराउटर आहे, कीकॅडमध्ये नाही. ऐकायला हा मोठा फरक वाटतो, प्रत्यक्षात नाही. ऑटोराउटर क्रिस्टलच्या तारा लांब फिरवून आणतो आणि 100 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरला आयसीच्या पिनेपासून दूरच्या रस्त्याने जोडतो. त्याच्या लेखी जोडलं म्हणजे झालं. कीकॅडवाल्यांना हवाच असेल तर स्पेक्ट्रा डीएसएन फाइल काढून फ्रीराउटिंग नावाच्या वेगळ्या ऑटोराउटरमध्ये न्यायची आणि सेशन फाइल परत आणायची.

हाताने ओढायचं म्हटलं तर कीकॅड पुढे आहे. नवा ट्रॅक ढकलला की आधीचे ट्रॅक आपोआप बाजूला सरकतात. या राउटरचं काम जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून आलं. कीबोर्डवरच्या एक्सने ट्रॅक सुरू करा, व्हीने व्हाया (दोन लेयर जोडणारं भोक) टाका, बीने ग्राउंडचा कॉपर भरा. शेवटचं बटण विसरलात तर ट्रॅक हलवल्यानंतरही कॉपर जुन्याच आकारात राहतो.

रुंदीचा अंदाज: 1 औंस कॉपर (तांब्याची नेहमीची जाडी) आणि 10 अंश तापमानवाढ धरली, तर बाहेरच्या लेयरवर 1 अँपिअरला साधारण 0.3 मिमी, 2 अँपिअरला 0.8 मिमी पुरते. कीकॅडमध्ये याचं कॅल्क्युलेटर सोबतच येतं. कारखान्यात करायचा असेल तर सिग्नलला 0.25 मिमी ठेवा. त्याहून बारीक जायची गरज या बोर्डाला नाही.

रिलेच्या 230 व्होल्टच्या बाजूचं अंतर कसं सांभाळता येतं, यात कीकॅड बरंच वरचढ ठरतं. मेन्स आणि बाकी सगळं यांच्यात 6 मिमी, पण मेन्सच्या आपसातल्या पॅडांना वेगळा आकडा, असा नियम कस्टम रूल्समध्ये लिहिता येतो. नेटक्लासमध्ये (नेटच्या गटाच्या सेटिंगमध्ये) सरसकट 6 लिहिलं तर सॉफ्टवेअर मेन्सच्या दोन पॅडांमधल्या अंतरावरही बोट ठेवतं. स्वस्तातल्या निळ्या चौकोनी रिलेत कॉमची (सामाईक संपर्काची) पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मधोमध येते. तिथे 6 मिमी मिळतच नाही, म्हणून कॉमच्या पॅडभोवती बोर्डात खाच कापतात.

घरी एचिंग करणाऱ्यांसाठी

इथे कीकॅडच. कारण क्षुल्लक वाटेल: लांबट पॅड. डीआयपीच्या फूटप्रिंटमध्ये ‘लाँगपॅड्स’ नावाचा प्रकार मिळतो, त्याचा पॅड 1.6 बाय 2.4 मिमीचा असतो. हाताच्या ड्रिलने भोक जरा सरकलं तरी कॉपर शिल्लक राहतो. गोल पॅड असेल तर कडी तुटते आणि सोल्डर धरत नाही. ट्रॅक 0.8 ते 1 मिमी, मधलं अंतर 0.5 मिमी ठेवा. फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड जास्त वेळ राहिला तर बारीक ट्रॅक कडांनी खाल्ला जातो.

छपाईत सर्वांत जास्त गोंधळ आरशाच्या प्रतिमेचा होतो. टोनर ट्रान्सफर करताना खालचा कॉपर लेयर सरळच छापायचा, उलटा नाही. पडद्यावर तो वरून, बोर्डातून आरपार पाहिल्यासारखा दिसतो आणि इस्त्री करताना तो आपोआप उलटतो. वरचा लेयर मात्र उलटा छापावा लागतो. प्लॉटमध्ये पीडीएफ निवडा, स्केल 1:1, ड्रिल मार्क ‘स्मॉल’. मधल्या छोट्या टिंबामुळे ड्रिलचं टोक घसरत नाही. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ काढायला विसरू नका, नाहीतर आयसीच्या शेवटापर्यंत जाता जाता पिना भोकांशी जुळेनाशा होऊ शकतात.

कारखान्यात पाठवताना

ईझीईडीएमधून एका बटणात गर्बरची (कारखान्याला लागणाऱ्या लेयरच्या फाइलींची) झिप निघते, किंवा थेट जेएलसीपीसीबीची ऑर्डरच उघडते. पार्ट बसवून हवे असतील तर नंबर आधीच जोडलेले असतात. ही सोय खरंच मोठी आहे.

कीकॅडमध्ये गर्बर आणि ड्रिल फाइल वेगवेगळ्या काढाव्या लागतात. ड्रिलची राहिली की भोकं नसलेल्या बोर्डाची ऑर्डर तयार होते. पार्ट बसवून घेताना आणखी एक भानगड: कीकॅडच्या फूटप्रिंटची शून्य अंशाची दिशा आणि कारखान्याची दिशा जुळत नाही, म्हणून एसओटी-23 आकाराचा छोटा ट्रान्झिस्टर किंवा आयसी 90 किंवा 180 अंशांनी फिरलेली दिसते. ‘फॅब्रिकेशन टूलकिट’ हे प्लगिन बरंचसं सुधारतं. तरी ऑर्डरच्या चित्रात प्रत्येक आयसीचा पहिल्या पिनेचा ठिपका तपासाच. चीनमधून मागवताना कुरिअरवाले केवायसी मागतात आणि कस्टम ड्यूटी लागू शकते. दोन डॉलरचा बोर्ड हातात पडेपर्यंत दोन डॉलरचा राहत नाही.

फाइल कोणाच्या ताब्यात

ईगल हे 1988 पासूनचं सॉफ्टवेअर. हौशी लोकांची एक अख्खी पिढी त्यावर वाढली. ऑटोडेस्कने ते 2016 मध्ये घेतलं, आणि 7 जून 2026 ला विक्री आणि सपोर्ट थांबणार हे 2023 मध्ये जाहीर केलं. त्याचे जुने धडे आजही ढिगाने सापडतात, पण नव्याने त्यावर शिकू नका.

कीकॅड 1992 मध्ये जाँ-पिएर शारा यांनी सुरू केलं. ते मुक्त स्रोताचं आहे, त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात आणि गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नीट राहतात. आवृत्ती 7, 8 आणि 9 अनुक्रमे 2023, 2024 आणि 2025 च्या फेब्रुवारीत आल्या. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनीत उघडत नाही, म्हणून मित्राबरोबर काम करताना दोघांची आवृत्ती एकच ठेवा. थ्रीडी मॉडेल्ससकट ते डिस्कवर काही जीबी जागा खातं. जुना लॅपटॉप असेल तर याउलट ब्राउझरमध्ये चालणारं ईझीईडीए सोयीचं, फक्त स्टँडर्ड आवृत्तीतला प्रकल्प कंपनीच्या सर्व्हरवर असतो हे लक्षात ठेवा. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सर्किट सॉफ्टवेअर कॉलेजात वापरलं असेल, तर त्यातला स्कीमॅटिकचा भाग कीकॅडचाच आहे.

बाकीची तीन

फ्यूजनच्या वैयक्तिक परवान्यात दोन स्कीमॅटिक पानं, दोन लेयर आणि 80 चौरस सेंमी एवढंच मिळतं, आणि वापर बिगर-व्यावसायिक असावा लागतो. आपला बोर्ड त्यात बसतो, पण ऑटोडेस्कच्या अटी बदलल्या तर काय, हा प्रश्न ईगलनंतर विचारावाच लागतो. लिब्रेपीसीबीची 1.0 आवृत्ती 2023 मध्ये आली. मांडणी सुटसुटीत, लायब्ररी लहान. फ्रिट्झिंगची तयार फाइल उतरवताना थोडे पैसे मागतात, स्रोत मुक्त आहे. त्यातून काढलेलं ब्रेडबोर्डचं चित्र नवख्यालाही कळतं, ट्रॅक ओढणं मात्र जिकिरीचं.

ईझीईडीएवर सुरुवात केली म्हणून तिथेच अडकाल असंही नाही. कीकॅड 8 पासून ईझीईडीएचे प्रकल्प आत घेता येतात. आणल्यावर आधी कॉपर पुन्हा भरा, मग डिझाइन रूलची तपासणी चालवा, आणि जुन्या व नव्या गर्बर फाइली गर्बर व्ह्यूअरमध्ये एकावर एक ठेवून पाहा. कॉपरच्या कडा, मजकुराचे फाँट आणि सोल्डर मास्कची उघडी जागा, फरक बहुधा या तिन्हींत सापडतो.